चारशेबारावं पान

९ जानेवारी

प्रिय भाऊजी,

फोन दोनदा लावला. दोन्ही वेळा तुम्ही "कोण? कोण बोलतंय?" असं ओरडलात आणि ठेवून दिलात. कानाचं यंत्र घ्या म्हणून सांगून मी थकले. आता लिहितेच, लिहिलेलं तरी ऐकू येईल.

बातमी चांगली आहे. विद्यापीठ यांचं पुस्तक काढतंय. एप्रिलमध्ये यांना जाऊन वर्ष होईल, त्याच आठवड्यात प्रकाशन. सगळे लेख एकत्र, आणि तिसरं प्रकरण म्हणून तो गाजलेला लेख, छापखाना कामगारांच्या संपावरचा. त्या एका लेखावर तुमचे दादा विभागप्रमुख झाले, तुम्हाला माहीतच आहे.

संदर्भ तपासायचं काम मी मागून घेतलं. विभागातला एक जण म्हणाला, "वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता?" म्हटलं, मी ग्रंथालयात बसून दुसरं काय करते? संशोधनाला आलेल्या मुलांना तळटीप कशी द्यायची, उतारा कुठून घेतला ते कसं सांगायचं, कुठल्या मासिकाला लेख पाठवायचा आणि कुठल्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, हेच शिकवते. नवऱ्याचं पुस्तक काय परक्याच्या हाती देऊ?

पण या तिसऱ्या प्रकरणाने माझं डोकं फिरवलंय. त्या कामगारांच्या मासिकाचे सुटे अंक आमच्याकडे आहेत. प्रत्येक अंक चाळीस पानांचा, आणि प्रत्येकात पानं पुन्हा एकपासून सुरू. यांच्या तळटिपा काय म्हणतात? नुसतं वर्ष, आणि पुढे पृष्ठ ३८७. पृष्ठ ४१२. चाळीस पानांच्या मासिकात चारशेबारावं पान यांनी कुठून पैदा केलं? आणि नेमकं ४१२ म्हणजे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या कामगाराचं ते पत्र, "पगार नका वाढवू, आधी भिंतीत एक खिडकी पाडा" म्हणणारं. सगळे जण उद्धृत करतात ते. दुसऱ्याचा स्वल्पविराम चुकला तरी प्रबंध परत पाठवणारा हा माणूस, आणि याच्या स्वतःच्या टिपांचा हा अवतार!

तुम्ही दोघं त्या काळात याच विषयावर तासन् तास बोलायचात. मी नवीन लग्न होऊन आलेली, मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. हे ४१२ काय प्रकरण आहे, तुम्हाला काही आठवतं का?

जाऊबाईंना सांगा, पाठवलेली शाल वापरते आहे.

तुमची,
वहिनी


२९ जानेवारी

ती. वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून बायको म्हणाली, वहिनींचा आवाज कागदातूनही ऐकू येतो, यंत्राची गरज नाही.

पुस्तक निघतंय, फार बरं झालं. दादाला आवडलं असतं. त्याला बांधणी कापडी आवडायची, ते विद्यापीठाला सांगा.

माझं ठीक चाललंय. शाळेतली नोकरी संपली तेव्हा वाटलं होतं, वेळ खायला उठेल. पण आता आठवड्यातले काही दिवस इथल्या जुन्या ग्रंथालयात जाऊन बसतो. पुस्तकं लावून देतो, फाटलेली चिकटवतो. तिथे कोणी फारसं बोलत नाही, त्यामुळे माझ्या कानाचं कोणाला कळतही नाही.

आकड्यांबद्दल. वहिनी, ते आकडे चुकलेले नाहीत. ते तसेच राहू द्यावेत असं मला वाटतं. का, ते पत्रात लिहिणं जमत नाही. भेटलो असतो तर कदाचित बोललो असतो.

आणि एक मागणं आहे. चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहितोय, रागावू नका. त्या तिसऱ्या प्रकरणापाशी कुठेतरी माझं नाव येऊ शकेल का? वर नको. आत कुठेतरी, बारीक अक्षरात चालेल. त्या विषयावर मीही काही काम केलं होतं. दादा असता तर मी मागितलं नसतं. आता तो नाही, आणि पुस्तक एकदा निघालं की पुन्हा निघायचं नाही, म्हणून मागतो.

तुमचा,
भाऊजी


६ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं माझीच चूक होतेय.

हे गेल्यापासून माझ्या दारात माणसांची रीघ लागलीय. एकाला प्रस्तावना लिहायचीय. एक जुना विद्यार्थी म्हणतो, संपादक म्हणून माझं नाव टाका, सर मला मुलासारखं मानायचे. त्यांना मी ओळखून आहे. पण तुम्हीसुद्धा? उद्या कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला येईल, म्हणेल सरांची पानं मीच काढायचो, माझंही नाव घाला.

"मीही काही काम केलं होतं." भाऊजी, काम तुम्ही अर्धवट टाकलंत. मला बोलायचं नव्हतं, पण तुम्ही वेळ आणलीत. तुमचा प्रबंध तुम्ही सोडलात तेव्हा हे किती हळहळले ते मी पाहिलंय. "याच्यात बुद्धी आहे, पण हातातलं तडीला न्यायची धमक नाही," असं म्हणायचे. शाळेतली नोकरी तुम्हाला यांनीच शब्द टाकून मिळवून दिली. तेव्हा तुम्ही यांचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. आता हे उत्तर द्यायला नाहीत म्हटल्यावर नाव आठवलं?

मी वर्गात मुलांना सांगते, ऋणनिर्देश म्हणजे नातेवाइकांना खूश करायची जागा नव्हे. ज्याने खरोखर काही दिलं, त्याचंच नाव. नियम नियम आहे. घरच्यांना सवलत नाही.

आणि ते आकडे मी तसेच ठेवणार नाही. माझी शोभा होईल. सुट्या अंकांची पानन् पानं वाचून एकेक उतारा शोधला, आणि अंक, महिना, खरा पृष्ठक्रमांक असं सगळं सरळ घातलं. डोळ्यांची वाट लागली, पण यांचं काम बिनचूक झालं. फक्त दोन अंक आमच्याकडे नाहीत, त्यांतच ते खिडकीवाल्याचं पत्र आहे. ते तुमच्याच गावच्या जुन्या ग्रंथालयात असल्याचं सूचीत दिसलं. रीतसर मागणी पाठवलीय. पानांच्या प्रती आल्या की ४१२ चाही निकाल लावते.

कडक लिहिलं असेल तर असू दे.

वहिनी


१८ फेब्रुवारी

ती. वहिनींना नमस्कार.

पत्र मिळालं. माझं मागणं मागे घेतो. नाव नको.

दादा माझ्याबद्दल घरात काय सांगायचा, ते इतक्या वर्षांनी कळलं. कळलं ते बरंच झालं.

आकडे तुम्ही दुरुस्त केलेत. तुमचं कामच ते, आणि तुम्ही ते चोख केलं असणार, यात मला शंका नाही. इथल्या ग्रंथालयात तुमची मागणी पोचली आहे. पानं वेळेत निघतील.

प्रकाशनाला येणं जमेलसं वाटत नाही. गर्दीत मला नुसता गलबला ऐकू येतो.

भाऊजी


२१ एप्रिल

प्रिय भाऊजी,

तुमची खुर्ची रिकामी होती. पहिल्या रांगेत नाव लिहून ठेवली होती, शेवटी तिच्यावर कुणीतरी पिशवी ठेवली.

समारंभ चांगला झाला. तुमची पुतणी दोन वाक्यं बोलली आणि तिसऱ्याला खाली येऊन बसली. कुलगुरू लांबले, ते लांबतातच. एका जुन्या प्राध्यापकांनी संदर्भसूचीचं कौतुक केलं. म्हणाले, इतकी स्वच्छ सूची हल्ली बघायला मिळत नाही. विभागाने तर ठरवलंय, नव्या मुलांना तळटिपा शिकवायच्या त्या यावरूनच.

सोबत प्रत पाठवतेय. बांधणी कापडी आहे, तुम्ही म्हणाला होतात तशी.

त्या दोन अंकांतल्या पानांच्या प्रतीही मिळाल्या. तुमच्या ग्रंथपालांना माझ्या वतीने धन्यवाद सांगा. काम व्यवस्थित होतं, पानं सरळ, कडा कुठे कापलेल्या नाहीत. त्यांवरून शेवटचे संदर्भही नीट घातले.

आणि हो, ऋणनिर्देशाच्या शेवटी एक ओळ आहे. "लेखकाच्या धाकट्या बंधूंनी दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार." मागच्या पत्रात मी जरा जास्तच बोलले. शेवटच्या प्रुफात वाटलं, घालावी. तुम्हाला बरं वाटेल.

कान कसा आहे? उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं या. वरची खोली रंगवून घेतलीय.

तुमची,
वहिनी


४ मे

वहिनी,

पुस्तक मिळालं. ओळ वाचली. माझी आस्था तुम्ही छापलीत.

धन्यवाद ग्रंथपालांना सांगता आले नाहीत. इथे ग्रंथपाल नाही, पद कधीचं रिकामं आहे. तुमचं मागणीपत्र मीच उघडलं. कपाटातून वर्षभराच्या अंकांचा तो बांधलेला खंड मीच काढला, आणि झेरॉक्सच्या काचेवर एकेक पान मीच ठेवलं. कडा कापल्या जाऊ नयेत म्हणून खंड दोन्ही हातांनी दाबून धरला होता. कडेला काय आहे, ते तुम्हाला दिसावं म्हणून.

तिथे पेन्सिलीने आकडे आहेत. प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात, एकपासून वर्षाच्या शेवटापर्यंत सलग. आणि सुरुवातीच्या कोऱ्या पानावर टीप आहे, तेही पान मी मुद्दाम पाठवलं: "वर्षाचे अंक एकत्र बांधल्यावर पानांना सलग क्रमांक दिले." खाली माझी सही आणि साल. तेव्हाच्या ग्रंथपालांची परवानगी घेऊन मी ते आकडे घातले होते, माझ्या प्रबंधाच्या सोयीसाठी. खिडकीवाल्याच्या पत्रावर ४१२ आहे. जगात दुसऱ्या कुठल्याही प्रतीवर तो आकडा नाही.

तुम्ही माझं अक्षर ओळखता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दादाला येणारी माझी पत्रं तुम्हीच वाचून दाखवायचात. आणि पानाच्या कडेची पेन्सिल तुमच्या नजरेतून सुटते, असं मी म्हटलं तर तो तुमचा अपमान होईल. तुम्हाला कळलं. पानं पोचली त्याच दिवशी कळलं असणार. पुस्तक तेव्हा छापायला गेलेलं नव्हतं. मी वाट पाहिली. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की बायकोला दारात पाठवायचो.

पत्र नाही आलं. ही ओळ आली. मी काही दिलंच नसतं, तर घरच्यांना सवलत न देणाऱ्या बाईने ही ओळ घातली नसती. इतकं तर मलाही समजतं.

आता सगळं सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज बांधत बसायला नको. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा दादा म्हणाला, माझी नोकरी नवीन आहे, तू घरी जा. मी गेलो. जाताना टाइप केलेलं प्रकरण त्याच्याकडे दिलं, नजर टाक म्हणून. वडील गेल्यावर परत आलो तर ते छापून आलं होतं, त्याच्या नावाने. मी विचारलं. तो म्हणाला, "तुझं पुरं होणार नव्हतंच. वाया जाण्यापेक्षा बरं." तो ओरडला असता तर मीही ओरडलो असतो. पण तो अगदी शांतपणे म्हणाला, आणि तेवढ्यात तुम्ही पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलात, म्हणालात, "बघा भाऊजी, तुमच्या दादांचं नाव छापून आलं!" इतक्या आनंदात होतात. मी मूग गिळून बसलो, तो बसलोच. त्या विषयावर मी पुढे काय लिहिणार? माझंच काम मला त्याच्या नावाने उद्धृत करावं लागलं असतं.

त्याने आकडेही तसेच उतरवले. मूळ मासिक एकदा उघडून पाहिलं असतं तरी चाळीस पानं दिसली असती. त्याने ते कधी उघडलंच नाही. आणि त्याच्यानंतर ज्यांनी ज्यांनी ४१२ लिहिलं, त्यांनीही नाही.

मला ते आकडे आवडायचे, वहिनी. कुठल्याही लेखात ४१२ दिसला की वाटायचं, हे माझं आहे, कुणाला ठाऊक नसेना का. त्या पुस्तकात माझं म्हणून तेवढंच होतं. ते तुम्ही दुरुस्त केलंत.

भाऊजी


२० जून

भाऊजी,

उत्तर द्यायला वेळ लागला. खोटं कारण देत नाही, धीर होत नव्हता.

पाहिलं मी. पाकीट फोडलं, आणि पहिलंच पान तुमच्या टिपेचं. तुमचा "त" तेव्हाही असाच होता. मी ग्रंथालयाचं दार लावून घेतलं आणि दिवसभर कुणाला आत येऊ दिलं नाही. एक मुलगी दार वाजवून वाजवून गेली, तिला कुठल्याशा मासिकाचा पत्ता हवा होता.

आधी तुमचा राग आला. हे सांगायलाच हवं. वाटलं, हा माणूस इतकी वर्षं गप्प होता तर आता कशाला बोलला? मग यांचा आला. पण मेलेल्या माणसावर रागावून करायचं काय? त्याच्या फोटोला पाठ करून जेवायचं? दोन दिवस तेही करून पाहिलं.

तुम्ही म्हणाल, प्रूफ हातात होतं. होतं. एक ओळ बदलायची होती. लेखणी हातात धरूनही बसले. मग डोळ्यासमोर आली तुमची पुतणी, त्याच विभागात परवा लागलेली, बापाच्या नावाच्या पाटीखाली उभी. आणि खरं सांगू? ती निमित्त. मी माझ्यासाठी केलं. या माणसाचा बिनचूकपणा मी आयुष्यभर सोसला, भाऊजी. भाजीत मीठ जास्त झालं तर तारीख घालून सांगायचे. त्या बिनचूकपणापुढे मी माझं स्वतःचं काही केलं नाही, कारण यांच्याइतकं नीट आपल्याला यायचं नाही, असं वाटायचं. तो खोटा होता हे मानायचं, म्हणजे माझ्यापाशी काय उरतं? म्हणून अंक, महिना, खरा पृष्ठक्रमांक घातला. नियमाने बघाल तर एकही चूक नाही. तुमचा मागमूस पुसला, आणि वर तुम्हाला आस्था दिली.

काल नवीन मुलांचा वर्ग होता. पुस्तक हातात घेऊन सांगत होते, ज्याचं त्याच्या नावावर. एक मुलगा म्हणाला, मॅडम, ही सूची म्हणजे खरंच आदर्श आहे. पुस्तक मिटून ठेवलं. पाणी पिऊन आले.

माझ्याकडून आता एकच होण्यासारखं आहे. शुद्धिपत्र. तिसरं प्रकरण कुणाचं आहे, ते स्पष्ट लिहून, प्रत्येक प्रतीत चिकटवायचं. प्रकाशन विभागाशी बोलले. ते म्हणतात, पुरावा द्या. टाइप केलेलं प्रकरण तुमच्याकडे नसणार, यांच्या कागदांत मी शोधलं, तिथेही नाही. माझ्याकडच्या झेरॉक्स प्रती त्यांना चालत नाहीत, म्हणतात, मूळ खंड दाखवा. तेव्हा पुरावा म्हणजे तुमचा तो खंड. त्याला जपा. कुणाच्या हाती देऊ नका. मी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात स्वतः येते, विभागाच्या माणसाला घेऊन. लेकीला सांगितलंय. तिने माझ्याशी बोलणं टाकलंय. टाकू दे.

माफ करा असं लिहीत नाही. तेवढं तोंड राहिलेलं नाही. फक्त तो खंड जपा.

वहिनी


२ जुलै

ती. वहिनींना नमस्कार.

येऊ नका. आलात तर जेवून जा, पण त्या माणसाला आणू नका. दाखवण्यासारखं इथे काही नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी ते घेऊन ग्रंथालयात गेलो. खंड काढून टेबलावर ठेवला. तुमचं पत्र त्याच्या शेजारी ठेवून पुन्हा वाचलं. पुरावा, प्रकाशन विभाग, शुद्धिपत्र. सगळं रीतसर आहे. वहिनी, पुरावा परक्यांना लागतो. मी तुमच्याकडे पुरावा घेऊन आलो नव्हतो. जानेवारीत मी नुसतं मागितलं होतं. तेव्हा घरच्या माणसाने "का हो भाऊजी?" एवढं विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं, आणि वर म्हटलंही असतं, राहू द्या आता, दादाचंच नाव राहू द्या.

आता चिठ्ठी चिकटवून काय होणार? दादा चोर ठरेल, पुतणी तोंड लपवेल, तुमच्या सूचीवर लोक हसतील, आणि मी म्हातारपणी भावाच्या चितेवरून लाकूड ओढणारा माणूस होईन. नाव मला तेव्हा हवं होतं, लिहायची उमेद होती तेव्हा. आता ते घेऊन मी काय करू?

मुलीशी बोला. तिला म्हणावं, काका शुद्धिपत्र नको म्हणतो.

पुस्तकात खोडाखोड करणाऱ्या मुलांना तुम्ही दंड करता, हे दादा हसून सांगायचा. तुमच्या दृष्टीने तो खंड आता स्वच्छ आहे. मऊ खोडरबर घेतला, कागद जुना आहे म्हणून हात हलका ठेवला. टिपेचं पान आधी केलं, मग एकपासून सुरुवात केली. बायको डबा घेऊन आली, माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि डबा ठेवून परत गेली.

काल ४१२ पुसला. खिडकीवाल्याचं पत्र तिथे आहे तसं आहे.

भाऊजी